टिळक मोठे, म्हणून संमतिवयाबाबतही त्यांचंच बरोबर?

कसबेकर:
काल इथे एकाने लिहिलं, "मंडाले भोगलेल्या माणसाच्या चुका काढणारे आपण कोण?" मंडाले 1908 ते 1914, टिळकांनी विरोध केला तो संमतिवयाचा कायदा मार्च 1891 चा. नंतर सोसलेल्या तुरुंगवासाने आधीचा युक्तिवाद खरा ठरत नाही. आणि तुरुंगच मोजायचा तर 1882 मध्ये टिळक-आगरकर दोघांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. पुढे याच कायद्यावर दोघे समोरासमोर उभे राहिले, आगरकर कायद्याच्या बाजूने. आता त्याग कुणाचा धरायचा?
कायदा एवढाच, की संमतिवय, म्हणजे ज्या वयाआधी मुलीशी शरीरसंबंध नवऱ्यालाही गुन्हा ठरतो ते वय, 10 चं 12 करायचं. आदल्या वर्षी कलकत्त्यात फुलमणी दासी ही कोवळी मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती. सुधारणा हवी का, कायद्याने हवी का, परक्या सरकारने करावी का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. टिळकांची हरकत तिसऱ्याला होती. आपण ती पहिल्या दोघांवरही पसरवतो.

नारायणपेठी:
अर्धवट मांडू नका! 1890 मध्ये टिळकांनी स्वतःची कलमं दिली होती: मुलीचं लग्न 16 च्या आत नको, मुलाचं 20 च्या आत नको, चाळिशीनंतर पुरुषाने केलंच तर विधवेशी, विधवेचं केशवपन बंद. सरकारचे 12 कुठे, हे 16 कुठे!

कसबेकर:
कलमं आधी सांगायला हवी होती, हे मान्य. पण ती सही करणाऱ्यापुरती. ज्या घरातला बाप सही करणार नाही, धोका त्याच घरातल्या मुलीला. टिळकांची योजना तिथे पोचतच नाही.

मृगव्याध:
विचारच तपासायचे तर टिळकांचं 'ओरायन' (1893) घ्या: वसंतसंपात मृग नक्षत्रात होता त्या काळापर्यंत वेद मागे जातात, असं सांगणारं पुस्तक. तिथे भक्ती लागत नाही, गणित लागतं. संपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाची सूर्याची ताऱ्यांतली जागा, 72 वर्षांत एक अंश मागे सरकतो. नक्षत्र 13 अंश 20 कला, म्हणजे 960 वर्षं. कृत्तिकांत संपात इ.स.पू. 2300 च्या सुमारास. मृग दोन नक्षत्रं पुढे, म्हणून 1920 मिळवतात आणि 4200 वर जाऊन पोचतात. चूक इथेच होते. समान विभाग न धरता तारे धरा: अंतर साधारण 24 अंश, म्हणजे 1700 वर्षं. उत्तर इ.स.पू. 4000, टिळकांचंच. जर्मन संस्कृत पंडित याकोबीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाला आला.

नारायणपेठी:
बघा! अशा बुद्धीच्या माणसाला तुम्ही शिकवणार?

सरळरेषा:
हीच ती खोड. आकाशाचं गणित जमलं म्हणून बारा वर्षांच्या मुलीबद्दलचं मतही बरोबर? आणि 'ओरायन'चा कच्चा दुवा गणितात नाहीच. नक्षत्रांची यादी कृत्तिकांपासून सुरू होते म्हणून वसंतसंपात तिथेच होता, हे गृहीतक आहे. व्हिटनी आणि थिबो या पाश्चात्त्य संस्कृत पंडितांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

मृगव्याध:
यादीपुरतं ठीक, तो दुवा सैल आहे. पण टिळकांचा भार एकट्या यादीवर नाही. प्रजापती मृग होतो, रुद्र त्याला बाण मारतो, ही ब्राह्मणग्रंथांतली कथाही ते पुराव्यात घेतात.

सरळरेषा:
कथेत मृग आहे, व्याध आहे, बाण आहे. संपात कुठल्या ओळीत आहे? ती ओळ द्या, मग बोलू.