अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात विडी वळणारी बाई कुठे बसते?

विडीघरकुल: बीएच्या श्रमबाजाराच्या घटकात उदाहरण ठरलेलं: कारखान्यातला पगारी पुरुष. सोलापुरात शिकवताना तरी हे बदला. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. समजा हजारातल्या 50 छाट, म्हणजे खराब, म्हणून बाजूला काढल्या, तर मजुरी 950 ची, पान-तंबाखू मात्र हजाराचं संपलेलं. आता तासाची मजुरी काढायला लावा. पान भिजवणं, पत्रा ठेवून कातरणं, वळणं, तोंडं मुडपणं, माल पोचवणं, सगळं धरून. एका श्रेयांकाचे (क्रेडिटचे) 15 तास असतात, त्यातले दोन पुरतील.

होटगीरोड: म्हणजे शेवटी आणखी एक घटक, 'महिला आणि श्रम'. तो 'टीपा लिहा'त जातो आणि पोरं ऑप्शनला टाकतात. नेट-सेटला (प्राध्यापक पात्रता परीक्षांना) लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी-पुरवठा किती बदलतो ते, विचारतात, तीच कच्ची असते. आणि वर्गविषमता म्हणाल तर विडी कामगाराची मुलगी अडते ती फी, उशिरा येणारी शिष्यवृत्ती आणि भाषेवर. घरात तेलुगू, वर्गात पुस्तकी मराठी, संदर्भग्रंथ इंग्रजीत.

विडीघरकुल: वेगळा घटक मागितलाय कुणी? तुकडादर वेतनाच्या प्रकरणातच आहे. लवचिकताही इथंच शिकवा: दर पडला की ही बाई काम कमी करत नाही, उलट जास्त वळते, कारण घरखर्च तेवढाच राहतो. श्रमाच्या पुरवठ्याची रेषा उलटी का वळते, ते पोरांना लगेच कळेल. सरकारचं श्रमशक्ती सर्वेक्षणही घ्या. घरच्या धंद्यात बिनपगारी मदत केली तर संकेतांक 21, म्हणजे कामगार. नुसतं घरकाम केलं की 92, श्रमशक्तीच्या बाहेर.

होटगीरोड: अर्धंच सांगताय. 92 वाली वर्षात 30 दिवस जरी विड्या वळत असेल, तरी सहायक स्थितीत (दुय्यम काम म्हणून) कामगार धरतात. हे न सांगता शिकवलं तर घोषणाबाजी होते.

दक्षिणकसबा: मान्य, दोन्ही शिकवा. पण अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद या वाटेनं गेलात तर वर्ष जाईल. अंतर्गत मूल्यमापनात स्वाध्याय म्हणून घाला. त्यासोबत 2025 पर्यंत लागू असलेल्या 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याचं कलम 25 वाचायला द्या: बायकांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कामाला बंदी होती, पण फक्त औद्योगिक जागेत. घरी रात्रभर वळा, कायदा गप्प असायचा. एक पथ्य मात्र पाळा. पोरींना स्वतःच्या आईची मुलाखत आणायला सांगू नका, घरची मिळकत वर्गात उघडी पडते. आकडे शिक्षकानं द्यावेत.

होटगीरोड: स्वाध्याय चालेल. पण एकाची वही वर्गभर फिरते, म्हणून दर आणि छाटीचा आकडा प्रत्येकाला वेगळा द्या. भाषेच्या मुद्द्याला अजून कुणी हात लावलेला नाही.