गावाच्या स्मरणिकेत 'गावची माणसे' कशी मांडावीत?

विचारणा : सांगेकर

सप्रेम नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाला पुढील वर्षी पन्नास वर्षे पूर्ण होत असून त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेतील 'गावची माणसे' हे प्रकरण माझ्याकडे सोपवले आहे. गाव गोव्याच्या सांगे तालुक्यातले, उण्यापुऱ्या तीनशे घरांचे. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाच्याने त्याच्या छोट्या शहराची माहिती नमुना म्हणून पाठवली होती, आणि तीत गोरे किती टक्के, कृष्णवर्णीय किती, आशियाई किती, असा अख्ख्या वस्तीचा हिशेब दोन ओळींत दिलेला पाहून मला तो मोह पडला. त्याच धर्तीवर मी गावडा, वेळीप, मराठा, ब्राह्मण, गवळी धनगर, ख्रिस्ती, मुसलमान आणि शेवटी 'बाहेरून आलेले' असे रकाने आखले, मतदारयादीतील आडनावे पाहून ते भरले आणि मसुदा बैठकीत वाचून दाखवला.

तेथे दोन आक्षेप आले. एका ख्रिस्ती गृहस्थांनी विचारले की, आम्ही गावडेच आहोत, मग आम्हाला गावड्यांत न धरता वेगळे का काढले? दुसरा आक्षेप मला अधिक लागला. साळावली धरणात ज्यांचे गाव गेले, त्यांपैकी काही कुटुंबे नंतर आमच्याकडे येऊन स्थिरावली. त्यांना मी 'बाहेरून आलेले' मध्ये टाकले होते. त्यांच्यातील एक आजी शांतपणे म्हणाल्या, "गाव आमचो उदकाखाला गेलो, तालुको न्हय. आमी भायले कशे?" गाव पाण्याखाली गेले, तालुका नाही, मग आम्ही बाहेरचे कसे, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून विचारतो : गाव पातळीवरचे अधिकृत आकडे कितपत मिळतात? आडनावांवरून समाज ठरवणे ग्राह्य आहे का? आणि 'वंश' हा शब्द आपल्याकडे वापरावा का?

उत्तर १ : आकडेमोडे

मी अनेक वर्षे जनगणनेची कोष्टके हाताळली आहेत, तेव्हा आधी पहिल्या प्रश्नाविषयी. स्वतंत्र भारताची जनगणना वंश विचारत नाही. ती धर्म आणि मातृभाषा विचारते, परंतु त्यांचे आकडे गावागणिक न देता तालुका व शहर या पातळीवर देते. गावाच्या ओळीत तुम्हाला एकूण स्त्री-पुरुष, ० ते ६ वयोगटातील मुले, साक्षर, काम करणारे आणि अनुसूचित जाती व जमाती एवढेच सापडेल. त्यामुळे मराठा किती, ब्राह्मण किती, धनगर किती, हे कोणत्याही सरकारी कागदावरून तुम्हाला उतरवून घेता आलेच नसते. देशातील सर्व जातींची शेवटची प्रसिद्ध गणना १९३१ ची, आणि तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे असल्याने तीत आपण नव्हतोच. २०२७ च्या जनगणनेत जात विचारण्याचे केंद्राने ठरवले आहे, परंतु तुमची स्मरणिका तोवर थांबणार नाही.

जो आकडा मिळतो तोही डोळे झाकून घेऊ नये. २००१ च्या जनगणनेत संपूर्ण गोव्यात अनुसूचित जमातींची माणसे होती ५६६. २०११ मध्ये ती झाली १,४९,२७५, म्हणजे १४,५८,५४५ या एकूण लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून थोडी अधिक. दहा वर्षांत दीड लाख आदिवासी कोठून आले, असा प्रश्न मला एका सुशिक्षित गृहस्थाने गंभीरपणे विचारला होता! कोणीही कोठून आले नाही. २००१ पर्यंत गोव्याच्या यादीत धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी आणि वारली एवढ्याच जमाती होत्या, ज्यांची येथील संख्या नगण्य होती. गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा समावेश २००३ मध्ये झाला. माणसे तीच, घरे तीच, फक्त रकाना नवा. तुमच्या गावाच्या २००१ च्या ओळीतही बहुधा शून्य दिसेल आणि २०११ मध्ये एकदम मोठा आकडा, तेव्हा दोन्ही शेजारी छापणार असाल तर हे कारण त्याच पानावर द्या.

भाच्याच्या नमुन्याबद्दलही एक सांगतो. अमेरिकेत वंश हा माणसाने स्वतः सांगायचा असतो, आणि २००० पासून एकाहून अधिक वंशही नोंदवता येतात. तेथल्या १९२०, १९३० आणि १९४० च्या गणनांत 'हिंदू' हा वंश म्हणून छापलेला होता. १९७० मध्ये भारतीयांना गोऱ्यांत धरले गेले आणि १९८० पासून 'आशियाई भारतीय' असा वेगळा रकाना आला. म्हणजे त्या सुबक दोन ओळींच्या मागेही आपल्या ५६६ सारखीच गंमत आहे.

उत्तर २ : केपेंची शिक्षिका

आडनावांचा आधार घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि मी स्वतः वेळीप घरातली असल्याने ते थोडे ठासून सांगते. 'वेळीप' हे आडनाव बहुतांशी समाज दाखवते हे खरे. परंतु आमच्यातलेच कितीतरी 'गावकर' लावतात, आणि 'गावकर' तर मराठ्यांपासून ब्राह्मणांपर्यंत कोणीही असू शकतो, कारण मुळात ते गावकरीतील, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीच्या जुन्या संस्थेतील, हक्काचे नाव. माझ्या वर्गात एकदा चार गावकर होते, चौघांची दैवते वेगळी आणि एकमेकांच्या घरी सोयरीक नाही. ख्रिस्ती गावड्यांचे तर विचारूच नका. फर्नांडिस किंवा डायस या नावावरून त्यांचा समाज कसा कळावा? तुम्हाला आक्षेप घेणारे गृहस्थ कायद्यानेही बरोबर आहेत, कारण अनुसूचित जातींना धर्माची अट आहे तशी जमातींना नाही. ख्रिस्ती गावडाही जमातीतच मोजला जातो. उलट बाजूने, १९२८ मध्ये मसूरकर महाराजांच्या शुद्धी चळवळीत हिंदू धर्मात परतलेले नवहिंदू गावडेही गावडेच. तुमच्या कोष्टकात समाज आणि धर्म एकाच ओळीत बसवले गेले, तेथे घोटाळा झाला. ती दोन वेगळी कोष्टके हवीत.

महाराष्ट्रातील वाचकांच्या हातीही स्मरणिका जाणार असेल तर आणखी एक खुलासा करावा. तिकडे कुणबी हा इतर मागासवर्गात मोडतो, गोव्यात तो अनुसूचित जमातीत. नाव एक, पण दोन्हीकडचा इतिहास निराळा. आमचे आजोबा डोंगरउतारावर कुमेरी करायचे. रान तोडून जाळायचे, त्या राखेत नाचणी पेरायची, आणि दोन-तीन पिकांनंतर तो तुकडा सोडून पुढे सरकायचे. पुढे वनखात्याने ते बंद केले. कोणाच्या घरी कुमेरीचा कोयता अजून टांगलेला आहे, कोणाच्या मांडावर, म्हणजे वाड्याच्या सामायिक अंगणात, बायकांचे धालो हे नाच-गाणे होते, कोणता वाडा कोणत्या देवतेचा कौल घेतो, हे लिहिलेत तर गावची माणसे दिसू लागतील. टक्केवारीत मला माझे घर कधी दिसलेले नाही.

'वंश' शब्द वापरू नये. आम्ही 'समाज' म्हणतो, तोच लिहावा.

उत्तर ३ : फोंड्याचा वाचक

मूळ प्रश्नाहून थोडे वेगळे लिहितो आहे, क्षमस्व. हे सगळे मोजायचेच कशाला? गावात कोण कोणाचा हे सर्वांना ठाऊकच असते. छापले की मात्र त्याचे भांडण होते. ग्रामपंचायतीचे आरक्षण असो की देवळाचे मानपान, अशा कोष्टकाची कात्रणे कोण कधी पुढे करील हे सांगता येत नाही.

उत्तर ४ : आकडेमोडे

फोंड्याच्या वाचकांची भीती मला अनाठायी वाटत नाही, परंतु न लिहिण्यानेही अन्याय होतो, आणि तो बहुधा ज्यांचा आवाज लहान त्यांच्यावर होतो. गवळी धनगरांचेच पाहा. त्यांची जमातीत समावेशाची मागणी कित्येक वर्षांची आहे, आणि तो झालेला नसल्यामुळे जनगणनेतील गावाच्या ओळीत ते कोठेच स्वतंत्र दिसत नाहीत. गावाने स्वतः लिहिले नाही तर ते कोणी लिहायचे? मात्र एक पथ्य पाळावे. ज्या समाजाची दोन-तीनच घरे आहेत त्यांचा आकडा वाड्यासकट छापला, की तो आकडा राहत नाही, ते एका कुटुंबाचे नाव होते. तेथे संख्या न देता मजकुरात उल्लेख करावा, आणि तोही त्यांना विचारून.

'बाहेरून आलेले' हा रकाना मात्र काढून टाका. त्यात तुम्ही धरणग्रस्त, खाणीवर कामाला आलेले कन्नड आणि ओडिया मजूर, आणि कदाचित बाजारातले दुकानदारही एकत्र बांधले असतील. यांच्यात समान गोष्ट एकच, की ते तुमच्या आजोबांनंतर आले.

सांगेकर (पुन्हा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेवटचे वाक्य वर्मी लागले, कारण आमचे स्वतःचे घराणे पणजोबांच्या वेळी अंत्रुजेतून (फोंडा भागातून) येथे आले, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

मधल्या दोन रविवारी मतदारयादी बाजूला ठेवून वाड्यावाड्यांवर फिरलो. समाज आणि धर्म वेगळे केले आहेत, आणि समाजाच्या ठिकाणी जो शब्द घरच्यांनी सांगितला तोच लिहिला आहे; दोन घरांनी काही सांगायचे नाही असे कळवले, तेथे रिकामे सोडले. 'बाहेरून आलेले' च्या जागी आता 'येथे वस्ती केव्हापासून' असा स्तंभ आहे. त्या आजींकडेही गेलो होतो. त्यांनी साल सांगितले नाही. मे महिन्यात धरणाचे पाणी उतरते तेव्हा आपल्या जुन्या घराचा चौथरा आणि अंगणातल्या तुळशीवृंदावनाचा दगड उघडा पडतो, तो बघायला मुलगा नेतो, एवढे त्या सांगत राहिल्या. त्यांच्या नावासमोर काय लिहावे हे त्यांच्या मुलाशी बोलून ठरवणार आहे. त्या चौथऱ्याचे छायाचित्र तो यंदाच्या मे महिन्यात काढून देणार आहे, त्यामुळे छपाई जूनपर्यंत पुढे ढकलली आहे.