प्रति: बॅटरी आणि अवजड वाहतूक
बॅटरी पुरेशी स्वस्त होईपर्यंत अवजड वाहतूक डिझेलवरच चालणार, हे मत रस्त्यापुरते बऱ्याच अंशी पटते; रुळांवर मात्र इंजिनाला वीज थेट वरच्या तारेतून मिळू शकते, त्यामुळे बॅटरीची वाट पाहण्याचे कारणच नाही. मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली आणि रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्णपणे विजेवर यायला २०२२ साल उजाडले, तेव्हा अडसर तंत्रज्ञानाचा नसून खर्चाचा आणि प्राधान्यक्रमाचा होता, असेच म्हणावे लागते. याच मार्गावरच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात डिझेल इंजिनाचा धूर खिडक्यांतून आत येई आणि माणसे नाकाला रुमाल लावून बसत (खिडक्या वेळेत लावून घेणारे सुज्ञ प्रवासी वगळता).

आपली वीज अजून बव्हंशी कोळशाचीच आहे, हा आक्षेप रास्तच. परंतु तारेतली वीज कोळशाची की उन्हाची, याचे इंजिनाला सोयरसुतक नसते, त्यामुळे उद्या वीजनिर्मितीचा स्रोत बदलला तरी इंजिने बदलावी लागणार नाहीत.