अनुभव धागा : जेम्स हॅडली चेस यांच्या कादंबऱ्यांनी आपल्याला काय दिले?

गुन्हेकथा वाचणाऱ्यांना जेम्स हॅडली चेस हे नाव नव्याने सांगावे लागत नाही. परंतु या नावामागचा माणूस फार थोड्यांना ठाऊक असतो, म्हणून अनुभव मागवण्यापूर्वी त्यांच्याविषयी थोडे लिहितो. त्यांचे खरे नाव रेने लॉज ब्रॅबझॉन रेमंड, जन्म लंडनमधला, २४ डिसेंबर १९०६ चा. वडील ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करात पशुवैद्य होते आणि मुलाने विज्ञानाची वाट धरावी अशी त्यांची इच्छा होती. मुलाने मात्र अठराव्या वर्षी घर सोडले आणि दारोदार फिरून मुलांसाठीचे ज्ञानकोश विकण्याचे काम पत्करले. पुढे ते पुस्तकांच्या घाऊक व्यापारात शिरले. माझ्या मते त्यांचे लेखक म्हणून खरे शिक्षण तिथे झाले, कारण कोणते पुस्तक हातोहात संपते आणि कोणते धूळ खात पडते, हे त्यांना रोज दिसत होते. अमेरिकी टोळ्यांच्या कथांना इंग्लंडात मोठी मागणी आहे हे त्यांनी हेरले, अमेरिकी लेखक जेम्स एम. केन यांची 'द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस' वाचली, आणि अमेरिकी बोलीचा शब्दकोश व नकाशे समोर ठेवून सहा शनिवार-रविवारांत आपली पहिली कादंबरी लिहून काढली. तीच १९३९ साली आलेली 'नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश'.

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात होते आणि स्क्वाड्रन लीडर या हुद्द्यापर्यंत पोहोचले. रेमंड मार्शल, जेम्स एल. डॉकर्टी, अँब्रोज ग्रँट अशी अन्य टोपणनावेही त्यांनी वापरली. सुमारे ९० पुस्तके आणि त्यांवर बेतलेले ५० च्या आसपास चित्रपट एवढा त्यांच्या कामाचा पसारा आहे. बहुतेक कथा अमेरिकेत घडतात, पण लेखकाने ती भूमी मायामी आणि न्यू ऑर्लिअन्स येथील धावत्या भेटींपलीकडे फारशी पाहिलेली नव्हती.

चेस आपल्या हाती कसे आले आणि त्यांच्या कोणत्या पुस्तकाने आपल्या विचारात काय बदल घडवला, हे कृपया सविस्तर लिहावे. आवडले किंवा नावडले एवढ्यावर न थांबता त्याचे कारणही द्यावे, ही विनंती.

निवृत्त विमा अधिकारी, कोल्हापूर

माझी सारी नोकरी विमा दाव्यांच्या फायली तपासण्यात गेली, त्यामुळे १९५६ ची 'देअर्स ऑलवेज अ प्राइस टॅग' ही कादंबरी मी इतरांपेक्षा वेगळ्या नजरेने वाचली असावी. ग्लिन नॅश नावाचा एक होतकरू तरुण हॉलिवूडमधील एर्ल डेस्टर या कर्जबाजारी, मद्यासक्त निर्मात्याकडे मोटारचालक म्हणून नोकरीला लागतो. डेस्टरचा साडेसात लाख डॉलरांचा आयुर्विमा आहे आणि त्या रकमेवर त्याची पत्नी हेलन डोळा ठेवून आहे. डेस्टर स्वतःवर गोळी झाडून घेतो, आणि आत्महत्या केल्यास विम्याचा एक पैसाही मिळणार नाही, अशी अट असते. एरवी रहस्यकथांत खुनाला आत्महत्येचे रूप देण्याची खटपट चालते. येथे आत्महत्येला खुनाचे रूप द्यायचे आहे, आणि त्यासाठी मृत्यूची वेळ लपवणे भाग असल्यामुळे मृतदेह घरातील शीतपेटीत ठेवला जातो. एका अटीवर संपूर्ण कादंबरी उभी करण्याचे हे कौशल्य पाहून मी थक्क झालो.

त्यानंतर स्टीव्ह हार्मस हा विमा कंपनीचा तपासनीस येतो. तो बंदूक घेऊन धावत नाही, तो प्रश्न विचारतो आणि पुन्हा येतो. आमच्या धंद्याचे मर्म चेस यांनी येथे अचूक पकडले आहे असे मला वाटते. खोटा दावा बहुधा मुख्य खोटेपणाने उघडा पडत नाही. तो लपवण्यासाठी रचलेल्या जास्तीच्या तपशिलांनी तो उघडा पडतो, कारण प्रत्येक नवा तपशील सांभाळण्यासाठी आणखी एक तपशील लागतो. आपल्याकडे आयुर्विम्यात आत्महत्येचे कलम मुख्यतः सुरुवातीच्या वर्षापुरते असते, त्यामुळे हे कथानक जसेच्या तसे इथे घडणार नाही. परंतु दावेदाराच्या मनात चालणारी आकडेमोड तीच असते. नव्याने आलेल्या सहकाऱ्यांना मी ही कादंबरी आग्रहाने वाचायला देत असे.

एक वाचक, डोंबिवली

माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि इंग्रजी कादंबरी शेवटपर्यंत वाचता येईल असा आत्मविश्वास मला चेस यांनी दिला. आमच्या भागातील वाचनालयात अनामत रक्कम भरून दोन पुस्तके मिळत. त्यांची मुखपृष्ठे अशी असत की लोकलच्या महिला डब्यात ती उघडी धरणे शक्यच नव्हते, म्हणून वर्तमानपत्राचे कव्हर घालून मी ती वाचत असे. मुखपृष्ठाने जे आश्वासन दिलेले असे, त्याचा आत मागमूसही नसे. आत लहान वाक्ये, भरपूर संवाद आणि पहिल्या दोन-तीन पानांत उभा राहणारा पेच असे. शब्द अडला तरी प्रसंग अडत नसे, आणि प्रसंग कळला की मागचा शब्द आपोआप उलगडे. शाळेच्या पाठ्यपुस्तकांनी मला हे कधी करू दिले नव्हते.

तरीही त्यांच्या स्त्रियांविषयी माझी गंभीर तक्रार आहे. बहुसंख्य स्त्रिया एक तर आमिष म्हणून येतात किंवा बळी म्हणून. हेल्गा रोल्फ ही त्याला अपवाद ठरू शकली असती. १९७१ च्या 'ॲन एस अप माय स्लीव्ह', १९७५ च्या 'द जोकर इन द पॅक' आणि १९७७ च्या 'आय होल्ड द फोर एसेस' या तीन कादंबऱ्यांत ती येते. ती एका अपंग धनाढ्याची पत्नी आहे आणि पैशाच्या व्यवहारात भल्याभल्यांना पुरून उरते, परंतु लेखक प्रत्येक वेळी तिला तिच्या एकटेपणाच्याच वाटेने संकटात लोटतो. मला त्यांची सर्वांत सामर्थ्यवान स्त्री १९४५ च्या 'ईव्ह'मध्ये भेटली. दुसऱ्याचे नाटक स्वतःच्या नावावर खपवून प्रसिद्ध झालेला लेखक क्लाइव्ह थर्स्टन तिच्यामागे धावत आपले सर्वस्व गमावतो, आणि ईव्ह मात्र स्वतःविषयी त्याला काहीही कळू देत नाही. त्या कादंबरीत पोलिसी तपासाला जवळजवळ स्थान नाही, तरी ती मी एका बैठकीत संपवली. जोसेफ लोझी यांनी १९६२ मध्ये तिच्यावर चित्रपट केला, तेव्हा कथा हॉलिवूडमधून इटलीत नेली. मला मूळ कादंबरीतील हॉलिवूडच अधिक पटते.

एक वाचक, मडगाव

माझे मामा जहाजावर नोकरीला होते आणि दर सुट्टीत पेटीतून चेस यांची पुस्तके आणत. मला मार्क गर्लंड आवडत असे. पॅरिसमध्ये राहणारा, हेरखात्यासाठी पूर्वी काम केलेला आणि नेहमी पैशाच्या अडचणीत असलेला हा माणूस देशप्रेमाच्या गोष्टी न करता आधी मोबदला विचारतो. १९६५ ची 'धिस इज फॉर रिअल' त्याच्यापासून सुरू होते. शीतयुद्धाविषयी मी पुढे जे वाचले, त्याची पहिली ओळख मला त्याच्यामुळे झाली.

साहित्याचे प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

चेस यांच्याविषयी आदराने लिहिताना दोन गोष्टी झाकून ठेवू नयेत असे मला वाटते. पहिली गोष्ट उसनवारीची. त्यांच्या सुरुवातीच्या एका कादंबरीतील मजकूर अमेरिकी रहस्यकथाकार रेमंड चँडलर यांच्या लेखनातून उचलल्याची तक्रार झाली आणि चेस यांना 'द बुकसेलर' या व्यवसायपत्रातून जाहीर माफी मागावी लागली. दुसरी गोष्ट क्रौर्याची. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४४ मध्ये 'रॅफल्स अँड मिस ब्लँडिश' या निबंधात चेस यांच्या पहिल्या कादंबरीची चिरफाड केली. त्यांनी लेखनकौशल्याला मनापासून दाद दिली, क्वचितच एखादा शब्द वाया गेला आहे असे मान्य केले, आणि त्याच वेळी या कथेत बलवानाची पूजा आहे, चांगल्या-वाईटाचा भेद पुसला गेला आहे, असा आक्षेप घेतला. लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक हेच पुस्तक वाचत होते, ही गोष्ट ऑर्वेल यांना अस्वस्थ करणारी होती.

तो आक्षेप पहिल्या कादंबरीपुरता मला मान्य आहे. १९५० च्या दशकातील चेस यांना तो लागू होत नाही, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो. या काळात टोळ्यांतील गुंड मागे पडतात आणि बँकेतील कारकून, विक्रेता, मोटारचालक असा साधा माणूस मध्यभागी येतो. १९५४ च्या 'टायगर बाय द टेल'मधील केन हॉलंड हा बँक कर्मचारी पत्नी परगावी असताना मित्राने दिलेल्या एका दूरध्वनी क्रमांकावर फोन करतो, आणि त्या एका फोनमुळे खुनाच्या प्रकरणात अडकतो. ही एका संध्याकाळच्या मोहाची कथा आहे, त्यात बलवानाची पूजा कुठेच नाही.

मराठी वाचकाला हा बदल विशेष जाणवतो. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळापहाड हे नायक घडवले. ते कायद्याच्या चौकटीबाहेर वावरत, परंतु दुर्बळांच्या बाजूने उभे राहत, त्यामुळे पुस्तक मिटताना वाचकाला धीर येत असे. चेस यांनी तो धीर देणारा नायकच काढून घेतला. त्या जागी वाचकाला स्वतःसारखाच एक माणूस दिसू लागला, आणि माझ्या मते त्यांच्या लेखनाचे खरे मोल येथे आहे.

स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झालेले अभियंते

चेस यांनी १९५६ मध्ये इंग्लंड सोडून फ्रान्समध्ये घर केले आणि नंतर ते स्वित्झर्लंडमध्ये आले. जिनिव्हा सरोवराच्या उत्तर काठावरील व्हेवे या गावाला लागून असलेल्या कोर्सो येथे ६ फेब्रुवारी १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. मी कामानिमित्त या भागात राहतो. कोर्सोमध्ये प्रसिद्ध वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनी आपल्या आईवडिलांसाठी बांधलेले छोटे घर पाहायला लोक येतात, आणि व्हेवेच्या काठावर चार्ली चॅप्लिन यांचा पुतळा आहे, कारण तेही शेवटची वर्षे शेजारच्या गावात राहिले. चेस यांची अशी कोणतीही खूण माझ्या पाहण्यात आलेली नाही. ते अतिशय खासगी आयुष्य जगले, त्यामुळे त्यांना ते आवडलेही असते. फ्लोरिडातील पॅराडाइज सिटी हे काल्पनिक शहर, तिथला पोलीसप्रमुख टेरेल, त्याच्या हाताखालचा महत्त्वाकांक्षी तपासनीस लेप्स्की, धनिकांची हॉटेले आणि मागच्या गल्ल्या यांच्या कित्येक कथा या शांत काठावर बसलेला माणूस लिहीत होता, हे मला आजही विलक्षण वाटते.

पटकथालेखक, पुणे

माझ्यासाठी चेस यांचे सर्वोत्तम पुस्तक म्हणजे १९५९ ची 'द वर्ल्ड इन माय पॉकेट'. दहा लाख डॉलरांचा पगार घेऊन जाणारी चिलखती मोटार पळवण्याची ही योजना आहे. बहुतेक लेखक दरोडा कथेच्या शेवटी ठेवतात. चेस तो आधीच घडवतात आणि मोटार एका प्रवासी कॅरॅव्हॅनच्या आत दडवतात. पैसा हाताच्या अंतरावर आहे, पोलीस सर्वत्र शोधत आहेत, आणि मोटारीचे कुलूप काही केल्या उघडत नाही. तिथून पुढे कथा टोळीतील माणसांच्या परस्परांवरील अविश्वासावर चालते. पटकथा लिहिताना आम्हाला सतत प्रश्न पडतो की मध्यंतरानंतर ताण कशाने टिकवायचा. बाहेरचा शत्रू वाढवण्यापेक्षा आतल्या माणसांना एका बंद जागेत एकत्र ठेवावे, हे उत्तर मला या पुस्तकाने दिले.

हिंदी चित्रपटांनी चेस यांच्याकडून खूप घेतले. उघडपणे सांगता येईल असे एक उदाहरण म्हणजे केतन मेहता यांचा १९९७ चा 'आर या पार'. तो 'द सकर पंच' या कादंबरीवर आधारलेला आहे. श्रीमंत स्त्रीशी पैशासाठी लग्न करणारा बँकेतील नोकर आणि त्यानंतरचा खुनाचा बेत आपल्या पडद्यावर सहज रुजला, कारण हाव आणि घाई यांना परदेश असा नसतो.

खासगी वाचनालयाचे चालक, सोलापूर

माझ्या वाचनालयात चेस यांचे पुस्तक कधी मुदतीनंतर परत आले नाही. उलट दुसऱ्याच दिवशी ते बदलून नेण्यासाठी वाचक दारात उभे असत. सर्वाधिक मागणी मुखपृष्ठांमुळे होती हे खरे आहे, पण तेवढ्यावर दहा-दहा वर्षे कोणी टिकत नाही. एकामागून एक पुस्तके वाचणाऱ्या सभासदांकडून मला कळले की त्यांना शेवट साधारण ठाऊक असतो. पैसा गुन्हेगाराच्या हाती राहणार नाही, हे ते गृहीत धरतात, आणि तो कोणत्या क्षुल्लक गोष्टीमुळे जाणार, हे शोधण्यासाठी वाचत राहतात.

नव्या वाचकांना माझे सांगणे असे, की सुरुवात 'टायगर बाय द टेल'पासून करावी, मग 'देअर्स ऑलवेज अ प्राइस टॅग' आणि 'द वर्ल्ड इन माय पॉकेट' वाचावी. 'ईव्ह' त्यानंतर घ्यावी, कारण तिची चाल संथ आहे. 'नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश' शेवटी वाचावी, आणि हाती आलेली प्रत कोणती आहे हे आधी पाहावे. १९३९ चे जग नव्या पिढीला परके वाटेल म्हणून चेस यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती स्वतः नव्याने लिहिली, आणि बाजारात बहुधा तीच मिळते. ऑर्वेल यांनी ज्या पुस्तकावर लिहिले ते पाहायचे असेल, तर जुनी प्रत शोधावी लागेल.