नास्तिक, चिकित्सक की आणखी काही?

एक शंका आहे. फोंड्याकडे आमच्या कुळदेवाला कौल लावतात, म्हणजे ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दहावीत असताना मी विचारलं, पंखा उजवीकडे आहे तर तीच आधी सुकून पडणार ना? काकी म्हणाली, "गप रे, नास्तिक कुठला!" तेव्हापासून घरात मी नास्तिक. देव नाही असं मी म्हटलंच नव्हतं, मी पंख्याबद्दल बोलत होतो. पुढे कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं, प्रश्न वाढत गेले आणि श्रद्धा कधी सुटली कळलंपण नाही. तर असं विचार करत करत बाहेर पडलेल्याला मराठीत नेमका शब्द काय?

----

नास्तिक हा शब्द मुळात देवाबद्दल नाहीच. पाणिनीचं सूत्र आहे, "अस्ति नास्ति दिष्टं मतिः" (४.४.६०), म्हणजे 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक. काय नाही, ते पाणिनी सांगत नाही, टीकाकार म्हणतात परलोक. मनुस्मृतीत मात्र वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. मजा बघा, सांख्य आणि मीमांसा या तत्त्वज्ञानाच्या जुन्या शाखांना जग चालवणारा ईश्वर लागत नाही, तरी ते आस्तिक, कारण वेद मानतात! बौद्ध पुनर्जन्म मानतात, म्हणजे एका व्याख्येने आस्तिक आणि मनूच्या हिशेबाने नास्तिक. आपल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ला घर सोडून बुद्धाच्या शोधात गेले, त्यांना कुठल्या खणात टाकणार?

----

निरीश्वरवादी म्हणा ना सरळ. ईश्वर नाही एवढंच सांगायचं असेल तर हाच बरोबर. आणि 'माहीत नाही, कळणारही नाही' असं असेल तर अज्ञेयवादी, इंग्रज जीवशास्त्रज्ञ हक्सलीने १८६९ला काढलेल्या 'अॅग्नॉस्टिक' या शब्दाला आपण केलेला प्रतिशब्द.

----

पण ही दोन्ही कुठे पोचला त्याची नावं झाली, कसा पोचला ते राहिलंच. त्याला विवेकवादी जवळचा, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दि. य. देशपांड्यांनी 'आजचा सुधारक' मासिकातून तो चांगला रुळवला. गंमत म्हणजे विवेक हा वेदान्ताच्या घरातला शब्द, नित्य काय अनित्य काय ते वेगळं करणं. धातू विच्, वेगळं करणे, तांदळातले खडे निवडावेत तसं.

मला स्वतःला चिकित्सक आवडतो. म्हापशाच्या बाजारात बांगड्याचे कल्ले उघडून बघणारी बाई पण चिकित्सक आणि शल्यचिकित्सक पण. आणि 'वि' लावला की विचिकित्सा म्हणजे संशय. कठोपनिषदात नचिकेता यमाला हेच विचारतो, मेलेल्या माणसाबद्दल विचिकित्सा आहे, कोण म्हणतं 'अस्ति', कोण म्हणतं 'नायमस्ति', म्हणजे हा नाही. एकाच ओळीत विचिकित्सा पण आणि आहे-नाहीचा वाद पण! फक्त चिकित्सक म्हणजे श्रद्धा सुटलेला असं नव्हे हां, चिकित्सा करून देव मानणारेही असतात, नचिकेताच घ्या.

----

म्हणजे रस्त्याचं नाव चिकित्सा आणि मुक्कामाचं निरीश्वरवाद, बरोबर? आजच्यापुरतं तरी हे पटलं. संध्याकाळी काकीला सांगितलं, मी नास्तिक नाही, मी चिकित्सक. ती म्हणाली, "बरं, मग चवथीला गणपतीवर टांगतो त्या माटोळीच्या सुपाऱ्या नीट बघून आण, गेल्या वर्षी अर्ध्या किडक्या आणलेल्यास."