ए विंगच्या लिफ्टशेजारचा तक्ता कोणाचा? (सोसायटी ग्रुप, शनिवार ८ नोव्हेंबर २०२५)

हिरेमठ काका (ए-१०२): ए विंगच्या लिफ्टशेजारी पाण्याच्या वेळापत्रकावर कोणीतरी तक्ता चिकटवलाय. "टी१ विरुद्ध केटी, कोण जिंकणार, टक्के लिहा." खाली आपल्याच पोरांची नावं. हा काय प्रकार आहे? सेक्रेटरींनी खुलासा करावा.

बिराजदार (ए-३०१): वेळापत्रक झाकलं व्हय? मग उद्या पाणी हाय का न्हाई कुणी सांगायचं?

कुलकर्णी (सचिव): नमस्कार. सदर तक्ता समितीने लावलेला नाही. माहिती घेतो. सर्वांनी संयम ठेवावा ही विनंती 🙏

येमुल (बी-४०३): आधी एवढंच सांगा, पैसे लावलेत का?

ओंकार (बी-२०१): काका, तक्ता मी लावलाय. उद्या लीग ऑफ लेजंड्स या कॉम्प्युटर गेमच्या वर्ल्ड्सची, म्हणजे जागतिक स्पर्धेची फायनल आहे, चीनमध्ये चेंगदूला. टी१ आणि केटी या दोन कोरियन टीम. आपल्याकडे दुपारी दिसेल. वेळापत्रकाच्या बाजूला लावला होता, टेप सुटून सरकला असेल. आत्ता नीट करतो.

बिराजदार (ए-३०१): उद्या पाणी दुपारीच हाय. मोटर चालू करायचं सोडून सगळी मोबाईलात.

हिरेमठ काका (ए-१०२): बिराजदार, थट्टा नको. गिरणीच्या पगाराला गेटवर मटक्याच्या चिठ्ठ्या कशा फाटायच्या ते मी पाहिलंय. बोटभर कागद, त्यावर पेन्सिलीनं आकडा. महिन्याचा किराणा त्यात जायचा. सुरुवात गमतीनंच व्हायची. आणि हे ईस्पोर्ट्स, कॉम्प्युटर गेमच्या स्पर्धा, म्हणजे फार पवित्र आहे असं पोरांनी समजू नये. २०१० साली दक्षिण कोरियात स्टारक्राफ्ट नावाच्या गेमचे नावाजलेले खेळाडू सट्टेवाल्यांसाठी मुद्दाम सामने हरले आणि आजन्म बंदी खाऊन बसले. भाच्यानं दाखवलंय मला.

येमुल (बी-४०३): म्हणून विचारतोय. पैसे लावलेत का?

ओंकारची आई (बी-२०१): हिरेमठ भाऊजी, माझ्या मुलानं लपूनछपून काही केलेलं नाही. नावासकट लावलाय. काही बोलायचं होतं तर घरी यायचं होतं, जिना काही लांब नाही.

हिरेमठ काका (ए-१०२): वहिनी, तुमच्या मुलावर माझा राग नाही. पण गुरुवारी रात्री कट्ट्यावर "शंभर माझे केटीवर" हे मी या कानांनी ऐकलंय.

येमुल (बी-४०३): म्हणजे लावलेत.

प्राजक्ता (सी-३०४): हिरेमठ काका, शंभरवाली गोष्ट खरी असेल तर मी पूर्ण तुमच्या बाजूला आहे. पण तक्ता काढायला लावू नका. तो काय आहे ते सांगते, जरा लांब लिहिते.

यात कोण जिंकणार एवढंच लिहायचं नाही, किती खात्री आहे तेही टक्क्यांत लिहायचं. फरक मोठा आहे. यंदाच्या सेमीफायनलला सगळे जेन.जी ही टीम जिंकणार म्हणत होते. कोरियाच्या लीगचे विजेते, यंदाच्या एमएसआयचेही, म्हणजे वर्षाच्या मध्यातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचेही विजेते. केटीनं त्यांना ३-१ नं घरी पाठवलं. जेन.जीला ९५ टक्के देणारा आणि ६५ टक्के देणारा, दोघंही चुकलेच. पण ज्यानं ३५ टक्के जागा मोकळी ठेवली त्याला खेळ जास्त कळतो. २०२२ ला डीआरएक्स ही टीम प्ले-इनमधून, म्हणजे सुरुवातीच्या पात्रता फेरीतून आली आणि फायनलला टी१ ला ३-२ नं हरवून कप घेऊन गेली. असं घडतं, म्हणून १०० टक्के कुणीच लिहायचे नाहीत.

गुण असे: ज्या टीमला जेवढे दिले (६० टक्के म्हणजे ०.६) आणि जे झालं (जिंकली तर १, हरली तर ०), त्यातल्या फरकाचा वर्ग. कमी गुण चांगले. ६० म्हटलं आणि हरलं तर ०.३६. ९० म्हटलं आणि हरलं तर ०.८१. फुशारकी महाग पडते.

देशमुख मॅडम (बी-१०३): प्राजक्ता, बरोबर मांडलंस. शाळेत संभाव्यतेला पोरं कंटाळतात, इथं आपणहून वर्ग काढतायत. एक विचारते. एका गेमला ६० टक्के असतील तर पाच गेमच्या सामन्याला किती धरतेस?

प्राजक्ता (सी-३०४): मॅडम, प्रत्येक गेम वेगळा धरला तर तीनच्या सामन्याला ६४.८ आणि पाचच्या सामन्याला ६८.३. गेम वाढले की चांगल्या टीमचा फायदा वाढतो, पण लोकांना वाटतं तेवढा नाही. पाच गेम खेळूनही तिनातला जवळजवळ एक सामना कमजोर टीम नेते.

देशमुख मॅडम (बी-१०३): करून पाहिलं, जुळतंय.

ओंकार (बी-२०१): पण ताई, प्रत्येक गेम वेगळा नसतो ना. यंदा फिअरलेस ड्राफ्ट आहे. एका गेममध्ये वापरलेले दहा चॅम्पियन, म्हणजे खेळाडू निवडतात ती पात्रं, त्या सामन्यात पुढं कुणालाच मिळत नाहीत. पाचव्या गेमला ४० बाद झालेले असतात. ज्याच्याकडं जास्त चॅम्पियन तयार, तो शेवटी वरचढ. आणि शेवटी टी१ कडं फेकर असतो, त्यांचा सगळ्यात नावाजलेला खेळाडू.

बिराजदार (ए-३०१): फेकर? आमच्या कमिटीत लई हायत की 😄

कुलकर्णी (सचिव): बिराजदार साहेब, मेंटेनन्सची थकबाकी भरूनही विनोद करता येतात.

बिराजदार (ए-३०१): लिफ्ट दुरुस्त करा, मग भरतो. तीन मजले गुडघे धरून चढतोय.

कुलकर्णी (सचिव): लिफ्ट चालू आहे. आपणच त्यात सिमेंटची पोती नेली होती.

शेख वकील (सी-१०१): मित्रहो, मूळ विषय. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. त्यात ईस्पोर्ट्सला मान्यता आहे, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर मात्र बंदी. असे गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कट्ट्यावर हातोहात पैसे लावले तर त्यासाठी १८८७ पासूनचा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. फुकट अंदाज लिहिणं हा गुन्हा नाही.

येमुल (बी-४०३): हेच मी मघापासून. फुकट असेल तर चालू द्या. पैसे लावलेत का ते सांगा.

ओंकार (बी-२०१): तक्त्यावर पैसे नाहीत, शप्पथ. शंभर कोण म्हणालं मला माहीत आहे, पण तो आपल्या सोसायटीतला नाही. क्लासमधल्या एकाचा दादा आहे, संध्याकाळी येऊन बसतो. मी त्याला तक्त्यावर लिहू दिलं नाही.

ओंकारची आई (बी-२०१): हे मला आत्ता कळतंय. ओंकार, बाहेर ये.

हिरेमठ काका (ए-१०२): पाहिलंत? मी उगाच ओरडत नव्हतो.

प्राजक्ता (सी-३०४): काका, म्हणूनच तक्ता हवा. त्या दादाला पोरांना एकाच सामन्याची चटक लावायचीय. आज जिंकलास, उद्या दुप्पट लाव. तक्ता सगळा सीझन लक्षात ठेवतो. मी दहा सामन्यांत ७० टक्के म्हटलं तर साधारण सात ठिकाणी ती टीम जिंकायला हवी. चारच जिंकल्या तर मी उगाच ताठ होते. दहाच्या दहा जिंकल्या तरी अंदाज कच्चा, मी घाबरून कमी सांगत होते. असा हिशोब ज्यानं दोन महिने ठेवला, त्याला कुणी "पक्की टीप आहे" म्हणून फसवू शकत नाही. ही पोरं रात्र रात्र सामने बघणारच आहेत. बघताना नीट विचार करतायत तर तो करू द्या, पाया पडते.

देशमुख मॅडम (बी-१०३): माझं लिहून घ्या. टी१ ६०, केटी ४०. टी१ कोरियाची चौथी सीड, म्हणजे तिथून चौथ्या क्रमांकानं आलेली टीम होती म्हणे, पण अनुभव आहे.

येमुल (बी-४०३): टी१ ५५. फुकट असेल तरच.

कुलकर्णी (सचिव): ठरलं असं धरतो. तक्ता लिफ्टशेजारून काढून क्लबहाऊसच्या दारावर. वर मोठ्या अक्षरात "पैसे लावण्यास सक्त मनाई". बाहेरच्यांना रात्री ८ नंतर कट्ट्यावर बसू देऊ नये असं वॉचमनला सांगतो. हरकत असल्यास कळवावे.

बिराजदार (ए-३०१): हरकत न्हाई. पोती सिमेंटची नव्हती, भुशाची होती.

*रविवार*

ओंकार (बी-२०१): टी१ ३-२!!! पाचव्या गेमपर्यंत गेलं! सलग तिसरा वर्ल्ड्स, असं आजवर कुणालाच जमलं नव्हतं. फेकरचा सहावा! २०१३ ला पहिला जिंकला होता!

देशमुख मॅडम (बी-१०३): माझे ०.१६. तुझे किती?

ओंकार (बी-२०१): मी केटीला ७० दिले होते. ०.४९ 😭

येमुल (बी-४०३): माझे ०.२०२५. मॅडम पहिल्या. कुणी पैसे दिले-घेतले नाहीत ना?

प्राजक्ता (सी-३०४): नाही काका. मी स्वतः दारापाशी उभी होते. पुढच्या स्पर्धेपासून वही घालतोय, प्रत्येकाचं एक पान.

हिरेमठ काका (ए-१०२): वहीला माझी ना नाही. तो दादा मात्र आज सहालाच येऊन बसलाय, ८ च्या नियमाची वाटही बघितली नाही. मी खाली उतरतोय. शेख साहेब, तुम्हीही या. ओंकार, तू घरातच थांब.