मदत हवी आहे: हरणावर नेम धरताना टेकू घ्यावा की उभ्याने हातावरच मारावं?

नमस्कार. मी अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारण्याचा ९ दिवसांचा हंगाम सुरू होतो. परवाना, टॅग, सुरक्षेचा कोर्स, अंगावर भडक नारिंगी जाकीट, माझं सगळं रीतसर आहे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे घरात विचारावं असं कुणी नाही. शिकार करावी की करू नये हा वाद कृपया इथे नको. मला फक्त नेमाबद्दल विचारायचं आहे.

गेल्या वर्षीचं सांगतो. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात, सकाळी साडेआठच्या सुमारास ओकच्या झाडीतून सावकाश चाललो होतो. सत्तर पावलांवर पांढऱ्या शेपटीची मादी आडवी उभी राहिली. शूटिंग स्टिक (रायफल टेकवायची दोन पायांची काठी) पाठीवरच्या सॅकला बांधलेली. ती सोडवेपर्यंत पळेल असं वाटलं, म्हणून उभ्या उभ्याच रायफल खांद्याला लावली. दुर्बिणीतला क्रॉस, म्हणजे नेमाची फुली, डुलत होता. तो तिच्या खांद्यामागे आला त्या क्षणी चाप ओढला. गोळी मागे, पोटात लागली. अशा जनावराच्या मागे लगेच जायचं नसतं. पाठलाग केला नाही तर ते जवळपास बसतं, केला तर लांब निघून जातं. दुपार टळेपर्यंत थांबलो. अंधार पडायच्या आत सापडली, मेलेली. मधले ते तास अजून डोक्यातून जात नाहीत.

आता आकडे. रायफल .३०८ ची, बोल्ट अ‍ॅक्शन. १०० यार्डांवर, बेंचवर वाळूच्या पिशवीवर ठेवून ५ गोळ्या दीड इंचात पडतात. त्याच अंतरावर उभ्याने ८ इंची कागदी थाळीवर मारतो (हरणाच्या काळीज-फुफ्फुसाची जागा साधारण तेवढी धरतात), तर १० पैकी ४ लागतात. ५० यार्डांवर ७. कॉलेजात एनसीसीत .२२ ने माझा ग्रुप चांगला पडायचा (गोळ्या जवळजवळ लागायच्या), पण ते सगळं पोटावर झोपून.

शेतकरी म्हणतात, झाडीत टेकू शोधायला वेळ मिळत नाही, उभ्यानेच मारायला शिक. रेंजवर भेटणारे एक गृहस्थ म्हणतात, टेकू नसेल तर चापाला बोटही लावू नकोस. हंगामाला सहा आठवडे उरलेत. हा वेळ कशावर घालवू?

करवीरकन्या: दादा, मी शिकार करत नाही. कोल्हापुरात ५० मीटर रायफल खेळायचे, त्यातलं सांगते. थ्री पोझिशनमध्ये आधी गुडघ्यावर, मग झोपून, शेवटी उभ्याने. आपल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला याच प्रकारात कांस्य जिंकलं. दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं, आणि तिन्हींत सगळ्यात जास्त गुण उभ्यानेच जातात. आमच्याकडे त्यासाठी कडक जाकीट असतं, जड रायफल असते, डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकवता येतं. तरी नेम कुणाचाच पूर्ण थांबत नाही.

तुमची चूक मला डुलण्यात दिसत नाही, ‘आला त्या क्षणी ओढला’ यात दिसते. असं ओढलं की चापाबरोबर अख्खा हात ओढला जातो. क्रॉस डुलू द्यायचा, बोट मात्र हळूहळू दाबत राहायचं. दुसरं, नेम धरून डोळे मिटा, दोन श्वास घ्या आणि उघडा. क्रॉस बाजूला गेलेला दिसला तर हाताने ओढून आणू नका, पाय सरकवा. रोज १५ मिनिटं घरी रिकाम्या रायफलीवर करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, चेंबर दोनदा तपासून.

ठासणी: आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. साठच्या दशकात भातात डुकरं यायची तेव्हा रात्री माळ्यावर बसायचे. एकदा बार काढला की दारू ठासून पुन्हा भरेपर्यंत डुक्कर डोंगरापलीकडे. त्यामुळे आधाराशिवाय त्यांनी कधी बार काढला नाही. माळ्याच्या आडव्या बांबूवर गोणपाटाची घडी, तिच्यावर बंदूक. नुसत्या बांबूवर नळी टेकली की बार उडताना ती उसळते आणि नेम वर जातो, हे ते पोरांना बजावून सांगायचे. झाडाच्या बेचक्यात ठेवायची झाली तरी मध्ये टोपी नाहीतर स्वतःचा हात.

प्रश्नकर्ता: ताई, डोळे मिटून पाहिलं. क्रॉस दर वेळी उजवीकडे जातो, म्हणजे मी उभाच चुकीचा राहतोय! गोणपाटाचंही कळलं. माझ्या रायफलीला हे लागू आहे का?

दक्षिणबेट: हो, लागू आहे. मी न्यूझीलंडमध्ये लाल हरणांच्या मागे डोंगरात फिरतो. नळी कशालाच टेकवू नका. पुढचा लाकडी भाग टेकवा, तोही मऊ वस्तूवर.

तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट आहे: सहापैकी चार आठवडे टेकू घेण्याच्या वेगावर घाला. स्टिक सॅकला बांधायची नाही, काठीसारखी हातात धरून चालायचं. रेंजवर परवानगी असेल तर पाच पावलं चाला, थांबा, स्टिक उघडा, एकच गोळी मारा. मित्राला घड्याळ लावून उभं करा. दोन पायांची स्टिक पुढून धरते, पण उजवं कोपर मोकळं राहिलं की मागचं टोक डुलतं. म्हणून बसता आलं तर बसा, दोन्ही कोपरं मांड्यांच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या वाटीवर नाही. हाडावर हाड घसरतं. स्टिक नसेल तर झाडाचं खोड डाव्या हाताने घट्ट पकडा आणि रायफल त्या हाताच्या अंगठ्यावर ठेवा. हे दोन सेकंदांत होतं.

उरलेले दोन आठवडे उभ्याने, पण अंतर ठरवण्यासाठी. थाळी ३० यार्डांवर लावा. १० पैकी ९ लागल्या की ४० वर न्या. जिथे आठवर याल तिथे थांबा. हंगामात त्याच्या पुढे उभ्याने नाही, समोर केवढंही शिंगाळं उभं राहिलं तरी. ७० पावलांवरचा तो बार तुम्ही काढायला नको होता. हे कठोर वाटेल, पण ते तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणूनच विचारताय.

प्रश्नकर्ता: ठाऊक आहे. सरळ बोललात, बरं वाटलं.

तीन आठवडे झाले, म्हणून कळवतो. उभ्याने माझी हद्द ४० यार्ड ठरली. स्टिक हातात ठेवून चालतो, पहिली गोळी सरासरी सहा सेकंदांत जाते आणि १०० यार्डांवर १० पैकी ९ थाळीत बसतात. खोडाच्या आधाराने ८.

काल गेल्या वर्षीच्या त्या जागेवर जाऊन आलो. मी जिथे उभा होतो तिथून डाव्या हाताला दोन पावलांवर मांडीएवढ्या जाडीचा मेपल आहे. तेव्हा तो मला दिसलाच नव्हता.